शोकाचे काम

प्रिय व्यक्तीच्या मृत्यूनंतर माणसाच्या मनात आणि शरीरात जी उलथापालथ होते तिला मानसशास्त्रात शोक म्हणतात. या उलथापालथीला समाजाने जे बाहेरचे रूप दिले आहे, म्हणजे सुतक, दहावा, तेरावा, फातेहा, चेहलुम, त्याला शोकाचार म्हणता येईल. रोजच्या बोलण्यातला ‘दुखवटा’ हा शब्द बहुधा या दुसऱ्या गोष्टीसाठीच वापरला जातो, आणि त्यामुळे पाळायचा दुखवटा संपला की आतले दुःखही संपले पाहिजे, असा एक समज नकळत रुजतो. मनाचा अभ्यास आणि मनाचा उपचार ही मानसशास्त्राची दोन अंगे कोठे भेटतात आणि कोठे वेगळी होतात, हे पाहायचे असेल तर शोकासारखा दुसरा विषय नाही, कारण शोक हा आजार नाही आणि तरीही तो आजाराइतका दुखतो. तो प्रत्येकाच्या वाट्याला येतो, बहुतेकांना औषधाशिवाय पेलतो आणि थोड्यांच्या बाबतीत मात्र इतका अडकून बसतो की उपचारावाचून सुटत नाही.

या विषयाचा मागोवा घेण्यासाठी तापीकाठचे बऱ्हाणपूर ही योग्य जागा आहे. फारुकी सुलतानांनी वसवलेले आणि पुढे मोगलांच्या दक्षिण मोहिमांचे ठाणे झालेले हे शहर आज मध्य प्रदेशात असले तरी खानदेशचाच तो एक भाग आहे, आणि रावेर, मुक्ताईनगरकडची मराठी कुटुंबे बाजारहाटासाठी आणि सोयरिकींसाठी येथे पिढ्यान्‌पिढ्या येत-जात आली आहेत. शहरातून तापीच्या पात्रात उतरणाऱ्या घाटांपैकी राजघाट हा एक प्रमुख घाट. याच काठावर शाही किल्ला उभा आहे, पात्रात खडकातून कोरलेला हत्ती आहे, आणि समोरच्या तीरावर जैनाबाद आहे. 1610 च्या सुमारास येथून गेलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने या दगडी हत्तीविषयी लिहिले आहे, की पाण्यावर आलेला एक जिवंत हत्ती त्याला खरा समजून त्याच्यावर धावून गेला आणि आपले सुळे मोडून बसला. समोर जे आहे ते मन जसेच्या तसे घेत नाही, स्वतःच्या अपेक्षेप्रमाणे घेते, हे सांगण्यासाठी मानसशास्त्राला याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही, आणि शोकाच्या बाबतीत तर हीच गोष्ट पुढे पुन्हा पुन्हा दिसते.

1631 सालच्या जून महिन्यात शाहजहान बादशहाचा मुक्काम बऱ्हाणपुरात होता. 17 जूनच्या सुमारास चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल येथे मरण पावली. जन्मलेली मुलगी गौहरआरा वाचली आणि पुढे 1706 पर्यंत जगली. मुमताजचे शव प्रथम तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत दफन करण्यात आले आणि सुमारे सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शाहजादा शुजाच्या सोबतीने ते आग्र्याला नेण्यात आले. अब्दुल हमीद लाहोरी याच्यासारख्या दरबारी इतिहासकारांनी बादशहाच्या या काळातील वागण्याची तपशीलवार नोंद ठेवली आहे. एक आठवडाभर तो झरोक्यात दर्शनाला आला नाही, राज्याच्या कामाला त्याने हात लावला नाही. पुढली दोन वर्षे संगीत, जवाहीर, अत्तरे आणि रंगीत वस्त्रे त्याने वर्ज्य केली. मुमताजच्या महालात पाऊल टाकले की त्याचे डोळे वाहू लागत, आणि जी दाढी तोवर मोजक्याच केसांनी पांढरी होती तिचा मोठा भाग थोड्याच दिवसांत पिकला.

हा वृत्तांत वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. दरबारी इतिहासकार बादशहाचे दुःखही त्याच्या प्रतिष्ठेला शोभेल अशा बेतानेच लिहितो, म्हणून प्रत्येक शब्द अक्षरशः घेता येत नाही. मात्र महालाच्या उंबरठ्यावर दाटून येणारे रडे किंवा संगीत नकोसे होणे यांसारखे तपशील कोणी केवळ शोभेसाठी रचले असतील असे वाटत नाही, कारण तीन शतकांनंतर रुग्णालयांत बसून डॉक्टरांनी ज्या नोंदी केल्या त्यांच्याशी ते नेमके जुळतात.

28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागून 492 माणसे दगावली. त्यांपैकी काहींच्या नातेवाइकांसह एकूण 101 शोकग्रस्तांशी एरिक लिंडेमान या मनोविकारतज्ज्ञाने बोलून 1944 साली एक निबंध प्रसिद्ध केला. शोकाची लक्षणे व्यवस्थित नोंदवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न मानला जातो. त्याला आढळले की शोक सलग नसतो, लाटांनी येतो. एकेक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते, तीत घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अपुरा पडतो, सुस्कारे थांबत नाहीत, पोटात पोकळी जाणवते, आणि गेलेल्या माणसाचे नाव निघाले किंवा कोणी सांत्वनाला आले की ही लाट उसळते. खानदेशात कोणाच्या घरी मृत्यू झाल्यावर बायका ‘दारावर’ जातात, तेव्हा प्रत्येक नव्या पाहुणीच्या गळ्यात पडून घरची बाई नव्याने हंबरडा फोडते. बाहेरून पाहणाऱ्याला ती रीत वाटते, आणि ती रीत आहेही, पण लिंडेमानची नोंद वाचल्यावर कळते की त्या रीतीने शरीराच्या एका खऱ्या घडामोडीला मोकळी वाट करून दिली आहे.

दाढी पिकण्याची गोष्टही निव्वळ दंतकथा म्हणून सोडून देण्यासारखी नाही. केसाचा त्वचेबाहेर आलेला भाग मृत असतो, त्याचा रंग एका रात्रीत उडू शकत नाही, आणि लोककथेतली ‘एक रात्र’ म्हणूनच टिकत नाही. परंतु काळे केस झपाट्याने गळून आधीचे पांढरे उघडे पडणे शक्य असते, आणि ताणामुळे नवे केस पांढरे येऊ शकतात. उंदरांवर केलेल्या आणि 2020 साली ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनात ही साखळी दाखवून दिली गेली. ताणाच्या प्रसंगी मज्जातंतूंतून स्रवणारे नॉरअॅड्रिनलीन हे द्रव्य केसांच्या मुळाशी असलेल्या रंगपेशींच्या साठ्याला एकदमच कामाला लावते, साठा संपतो, आणि पुढे रंग देणारे कोणी उरत नाही. हृदयावरचा परिणाम याहून गंभीर आहे. कॉलिन मरी पार्क्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1969 साली 4,486 विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा चाळीस टक्क्यांनी जास्त होते, आणि वाढीव मृत्यूंपैकी बरेच हृदयविकाराचे होते. पाठोपाठ गेलेल्या जोडप्यांविषयी गावोगाव जे बोलले जाते, त्यात इतका तरी आधार आहे.

शोकामागे मनात काय चालते, या प्रश्नाचे पहिले प्रभावी उत्तर झिगमुंड फ्रॉइडने 1917 साली दिले. त्याच्या मते प्रेम म्हणजे मनाने दुसऱ्या माणसात गुंतवलेली ओढ. तो माणूस गेला की वास्तव सांगते, ओढ परत घे. मन नकार देते, आणि मग एकेक आठवण काढून, एकेक धागा उसवून ती ओढ सोडवत न्यावी लागते. हे कष्टाचे आणि वेळखाऊ काम पुढे ‘शोकाचे काम’ या नावाने ओळखले जाऊ लागले. या कल्पनेतला ‘काम’ हा शब्द मोलाचा आहे, कारण त्यामुळे रडणारा माणूस दुबळा ठरत नाही, तो काहीतरी करत आहे हे मान्य होते. परंतु काम पूर्ण झाल्यावर ओढ मोकळी होऊन दुसरीकडे लागते, हा त्यातला दुसरा भाग मात्र टिकला नाही. 1920 साली फ्रॉइडची मुलगी सोफी फ्लूच्या साथीत गेली, आणि त्यानंतर नऊ वर्षांनी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वतःच कबूल केले की अशा माणसाची जागा कशानेही भरत नाही.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकाने प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. आईपासून दुरावलेली लहान मुले प्रथम आक्रोश करतात, मग खिन्न होतात आणि शेवटी अलिप्त होतात, हे पाहून त्याने असा सिद्धान्त मांडला की जिव्हाळ्याच्या माणसाला धरून राहणे ही जगण्यासाठीची मूलभूत यंत्रणा आहे, आणि शोक म्हणजे त्याच यंत्रणेने घेतलेला शोध होय. माणूस दिसेनासा झाला की त्याला हाक मारावी, शोधावे, असे तिने शिकवलेले असते. मृत्यूचा अपवाद तिला ठाऊक नसतो. म्हणूनच चाळीस वर्षांचा संसार झालेली बाई नवरा गेल्यावरही सकाळी दोघांच्या चहाचे आधण ठेवते आणि साखर घालताना थबकते, किंवा संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की तिची मान वर होते. तापीतला दगडी हत्ती खरा मानणाऱ्या त्या हत्तीसारखेच तिचे मनही अपेक्षेवर चालत असते. आजच्या मेंदूविज्ञानातही याला दुजोरा मिळतो. वर्षानुवर्षांच्या सहवासातून मेंदूने बनवलेला घराचा नकाशा एका दिवसात बदलत नाही, प्रत्येक चुकलेल्या अपेक्षेगणिक तो थोडाथोडा दुरुस्त होतो, आणि शोकाला इतका वेळ का लागतो याचे हे एक कारण आहे.

शोकाच्या पाच पायऱ्या असतात, ही जी माहिती सर्वत्र ऐकू येते तिच्याविषयी येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. नकार, संताप, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार या पायऱ्या एलिझाबेथ क्युब्लर-रॉस हिने 1969 साली मांडल्या त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लावल्या गेल्या. शोकग्रस्त माणसे या क्रमाने चालत नाहीत, आणि ‘मला राग आला नाही म्हणजे माझे काही चुकते आहे का’ असा नाहक घोर अनेकांना या यादीने लावला आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 साली मांडलेले चित्र अनुभवाच्या अधिक जवळ जाते. त्यांच्या मते शोकात मन दोन तीरांमध्ये ये-जा करते. एका तीरावर गेलेल्याची आठवण, फोटो, रडणे. दुसऱ्या तीरावर पेन्शनचे कागद, मुलांची फी, शेताची पेरणी. एकाच तीरावर अडकणे घातक, ये-जा मात्र निकोप. मुमताज गेली तेव्हा तिची मुलगी जहाँआरा सतरा वर्षांची होती. आई गमावलेल्या या मुलीने बापाला सावरले आणि जनानखान्याचा कारभार हाती घेतला. तिने दुःख दाबले असे यावरून ठरवण्याची घाई करू नये.

शोकाविषयीच्या विचारात सर्वांत मोठे वळण 1996 साली आले. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या ग्रंथात असे दाखवले गेले की निकोप शोकातही मृताशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते. पाश्चात्त्य मानसशास्त्राला या निष्कर्षापर्यंत येण्यासाठी आशियाकडे पाहावे लागले, हे येथील वाचकाने जाणून घेण्यासारखे आहे. 1969 साली टोकियोतील विधवांचा जो अभ्यास झाला होता, त्यात घरातल्या देव्हाऱ्यापुढे बसून गेलेल्या पतीशी रोज बोलणाऱ्या बायका आढळल्या होत्या, आणि त्यांना मनोरुग्ण म्हणणे शक्य नव्हते.

तापीच्या खोऱ्यात हे कोणाला नव्याने शिकवावे लागत नाही. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली जाते, तिच्यावर आंबा किंवा खरबूज ठेवले जाते, आणि चुलीतल्या निखाऱ्यावर घास टाकून आगारी दिली जाते. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तेथे ती पहिली घागर भरताना हात जड होतो. दहा वर्षांनी तीच घागर नातवंडांच्या गलक्यात भरली जाते. माणूस तोच, नाते तेच, दुःखाचे वजन मात्र बदललेले, आणि हा बदल मोजायला दरसाल येणारा एक ठरलेला दिवस. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडल्यावर कावळा शिवत नाही तेव्हाचा प्रसंग तर मानसशास्त्रीय दृष्टीने फारच अर्थपूर्ण आहे. थोरला मुलगा ओल्या धोतरात उभा असतो, उन्हे चढत असतात, आणि कोणीतरी जाणता माणूस त्याला हळूच सांगतो, ‘बोल, धाकटीचं लग्न मी करून देईन.’ मुलगा हात जोडून ते मोठ्याने म्हणतो. कावळा कधी शिवतो हा भाग वेगळा. गेलेल्याची अपुरी राहिलेली चिंता ओळखून ती चारचौघांसमक्ष स्वतःच्या खांद्यावर घेणे, हे शोकातले एक मोठे काम त्या वाक्यात पार पडते. मुसलमान घरांत तिसऱ्या दिवसाची आणि चाळिसाव्याची फातेहा, तसेच पतीच्या मृत्यूनंतर चार महिने दहा दिवसांची इद्दत, यांनीही काळाला अशीच वळणे दिलेली आहेत.

तथापि शोकाचार म्हणजे सारेच हितकर, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पतीचे प्रेत दारात असताना बाईच्या हातातल्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे आणि पुढे आयुष्यभर तिला मंगलकार्यापासून दूर ठेवणे, यात शोकाला वाट मिळत नाही, उलट शोक करणाऱ्या बाईलाच शिक्षा होते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. हा ठराव सामाजिक सुधारणेचा म्हणून गाजला, तसा तो मानसिक आरोग्याचाही आहे, कारण विधवेचा शोक लांबवणाऱ्या गोष्टींमध्ये एकटेपण आणि अपमान यांचा वाटा मोठा असतो.

बऱ्हाणपूरच्या 1631 सालाकडे पुन्हा वळले की एका बादशहाच्या दुःखाशेजारी दुसरे अफाट दुःख दिसू लागते. 1630 ते 1632 या काळात गुजरात आणि दख्खनमध्ये भीषण दुष्काळ होता. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी 1630 च्या अखेरीस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि पोटासाठी विकली जाणारी मुले त्याने नोंदवली आहेत. बादशहाने बऱ्हाणपुरात लंगर उघडले आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार गरिबांत वाटण्याचा हुकूम दिला, असे लाहोरी सांगतो. पण ज्या विणकराची बायको त्या वर्षी गेली, तिच्यासाठी त्याने काय वर्ज्य केले, त्याची दाढी पिकली की नाही, हे कोणी लिहून ठेवले नाही. केनेथ डोका याने 1989 साली अशा दुःखाला एक संज्ञा दिली. मराठीत तिला ‘नाकारलेला शोक’ म्हणता येईल. ज्या शोकाला समाज ओळख देत नाही, रडायला जागा देत नाही, तो हा शोक. गर्भपातानंतरची आई, न सांगता येणाऱ्या नात्यातला माणूस, आत्महत्येनंतर तोंड लपवणारे कुटुंब, वाटेवरच माणूस टाकून पुढे चालावे लागलेला दुष्काळग्रस्त, हे सारे या एका शब्दात येतात. प्रेतच मिळाले नाही, विधीच झाला नाही, अशा शोकाला शेवट सापडणे विशेष कठीण असते. मोठेपणाची अट न घालता कोणाचेही दुःख ऐकून त्याची नोंद ठेवणे, ही मानसशास्त्राने मानवजातीच्या इतिहासात आणलेली नवी गोष्ट आहे.

बहुतेक माणसे शोकातून उपचाराशिवाय सावरतात. जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 205 व्यक्तींची जोडीदाराच्या मृत्यूपूर्वी आणि नंतर सहा व अठरा महिन्यांनी तपासणी झाली होती. त्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींमध्ये नैराश्य सर्व काळ कमीच राहिले, आणि दीर्घ शोकात अडकलेल्यांचे प्रमाण सुमारे सोळा टक्के निघाले. ज्यांचे दुःख फारसे दिसले नाही त्यांचे प्रेम कमी होते, असे या अभ्यासातून दिसत नाही. उरलेल्या अडकलेल्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘दीर्घकालीन शोकविकार’ हे निदान आले. मृत्यूला किमान सहा महिने होऊनही जीवघेणी ओढ किंवा गेलेल्याचाच सतत ध्यास कायम असेल, त्याने रोजचे जगणे मोडत असेल, आणि हे सारे त्या माणसाच्या समाजातील रीतीच्या मानाने फार जास्त असेल, तरच हे निदान करता येते. अमेरिकन वर्गीकरणाने प्रौढांसाठी हीच मुदत बारा महिन्यांची ठेवली आहे. माणसाच्या दुःखाला आजार ठरवण्याचा धोका यात आहे, ही टीका रास्त आहे. पण निदानच नसेल तर उपचारही नसतो, हेही तितकेच खरे.

हा विकार आणि नैराश्य सारखे दिसले तरी निराळे आहेत. नैराश्यात सगळ्याच गोष्टींतला रस जातो आणि माणूस स्वतःला टाकाऊ समजू लागतो. दीर्घ शोकात सारे मन एकाच माणसाभोवती फिरते. म्हणून औषधेही सारखी लागू पडत नाहीत. कॅथरिन शिअर हिने या विकारासाठी सोळा बैठकांची उपचारपद्धती बसवली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने 51 टक्के रुग्णांना गुण आला, तर तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या मानसोपचाराने 28 टक्क्यांना. 2016 सालच्या मोठ्या चाचणीत या पद्धतीच्या जोडीला नैराश्यावरील औषध दिल्याने शोकात लक्षणीय फरक पडला नाही, सोबत असलेल्या नैराश्यात मात्र पडला. येथे कोणी कोणाकडे जावे हेही कळले पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो आणि तो औषध देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, तो चाचण्या आणि बोलण्यातून होणारा उपचार करतो. जेथे दोघेही जवळ नाहीत तेथे 2022 साली सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येते.

खानदेशातला माणूस डॉक्टरकडे गेला तरी ‘मला शोक झाला आहे’ असे म्हणत नाही. घास उतरत नाही, जीव घाबरा होतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, असे तो सांगतो, आणि शक्ती येण्याचे सलाइन लावून घेऊन परत येतो. अशा वेळी घरात कोण गेले, कधी गेले, एवढे विचारणाराच खऱ्या दुखण्यापर्यंत पोहोचतो. शिअरच्या पद्धतीत पुढे एक बैठक अशी येते, की माणूस डोळे मिटतो आणि गेलेला समोर बसला आहे असे धरून त्याच्याशी बोलतो. सांगायचे राहून गेलेले सांगतो, विचारायचे राहून गेलेले विचारतो. मग त्याच्याच वतीने, त्याच्याच लकबीत, तो स्वतः उत्तर देतो. उपचारक या संवादाला हळुवार दिशा देत असतो.